खोडदची दुर्बीण आणि सामाईक फंक्शनांचा प्रश्न

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ म्हणजेच जीएमआरटी या दुर्बिणीचा इतिहास आजवर मुख्यतः तिच्या अँटेनांचा, त्यांच्या अभिनव बांधणीचा आणि त्यांच्या आधारे लागलेल्या शोधांचा इतिहास म्हणून सांगितला गेला आहे. याच्या जोडीने घडत गेलेला दुसरा इतिहास दुर्बिणीच्या मापनांवर संस्कार करणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे, आणि संगणकशास्त्रातील एका जुन्या वादाचे स्वरूप त्यातून विशेष स्पष्टपणे दिसते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वारंवार लागणारी छोटी कामे वेगळी काढून त्यांना नाव दिले म्हणजे त्यांना साहाय्यक फंक्शन म्हणतात, आणि संगणकभाषेबरोबर किंवा मोठ्या प्रणालीबरोबर सर्वांना आयता मिळणारा अशा फंक्शनांचा अधिकृत संग्रह म्हणजे तिची स्टँडर्ड लायब्ररी होय. एखादे उपयुक्त फंक्शन या सामाईक संग्रहात घ्यावे, की ज्याचे त्याने लिहून आपल्यापाशी ठेवावे, हा तो वाद आहे. खोडदच्या मापनांसाठी गेल्या दोन दशकांत लिहिलेल्या साधनांपैकी काही जागतिक संग्रहात गेली, काही स्थानिकच राहिली, काही संग्रहाच्या वर स्वतंत्रपणे उभी राहिली आणि काही प्रत्यक्ष यंत्रातच बसवली गेली. या वेगवेगळ्या वाटांमागची कारणे पाहिली असता त्या वादाचा निकाल केवळ उपयुक्ततेवर लागत नाही, असे आढळते.

जीएमआरटीची कल्पना प्रा. गोविंद स्वरूप आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात मांडली, आणि त्याच संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने, म्हणजे पुण्यातील एनसीआरएने, ती प्रत्यक्षात आणली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ खोडदजवळच्या सुमारे एक चौरस किलोमीटर क्षेत्रात आहेत, तर उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर विखुरलेल्या असून त्यांपैकी एक भुजा दक्षिणेस आंबेगाव तालुक्याच्या दिशेने जाते. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. या जागेच्या निवडीमागे पुण्याशी असलेली जवळीक, भूचुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसे उत्तरेला असल्यामुळे तुलनेने शांत असलेले आयनांबर आणि मानवनिर्मित रेडिओ लहरींचा त्या काळी असलेला कमी गोंगाट ही कारणे होती. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण वैज्ञानिक जगताला अर्पण करण्यात आली, आणि जानेवारी २००२ पासून जगभरातील निरीक्षकांना तिचा वेळ मिळू लागला.

अशा दुर्बिणीतून छायाचित्र आयते मिळत नाही. दोन-दोन अँटेनांची जोडी करून त्यांच्या संकेतांची परस्पर तुलना केली जाते, ३० अँटेनांच्या अशा ४३५ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीसाठी, प्रत्येक कंप्रतेच्या पट्टीसाठी, काही काही सेकंदांच्या अंतराने एकेक मापन नोंदले जाते. या आकड्यांतून सदोष मापने वगळणे, उरलेल्या मापनांचे परिचित स्रोतांच्या आधारे अंशांकन करणे आणि शेवटी गणिताने आकाशाचे चित्र उभे करणे हे सारे काम सॉफ्टवेअरचे असते, म्हणून रेडिओ खगोलशास्त्रज्ञाच्या दृष्टीने सॉफ्टवेअर हा दुर्बिणीचाच उत्तरार्ध ठरतो.

खोडदला पहिले निरीक्षण होण्याच्या बऱ्याच आधी या कामाचे सामाईक संग्रह अमेरिकेत आकाराला आले होते. तेथील राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेने, म्हणजे एनआरएओने, १९७८ मध्ये ‘एप्स’ ही प्रणाली फोरट्रान भाषेत लिहायला घेतली. तिच्यात प्रत्येक काम ‘टास्क’ या स्वतंत्र एककात बांधलेले होते, आणि त्या टास्क एकामागून एक चालवण्यासाठी लागणारी छोटी कृतिसूत्रे वापरकर्त्याने स्वतः लिहावीत, असा तिचा रिवाज होता. १९९०च्या दशकाच्या आरंभी अनेक देशांतील वेधशाळांनी एकत्र येऊन सी प्लस प्लस भाषेत ‘एप्स प्लस प्लस’ ही नवी प्रणाली हाती घेतली, तिच्यातून पुढे ‘कासा’ ही आजची प्रणाली निघाली, आणि तिचा पायाभूत भाग ‘कासाकोर’ या नावाने वेगळा काढून नेदरलँड्स व ऑस्ट्रेलिया येथील वेधशाळांनीही तो वापरात ठेवला. पायाभूत संग्रहात काय ठेवायचे आणि त्याच्यावर उभ्या असलेल्या साधनांत काय, ही विभागणी कासाकोर वेगळा होताच अपरिहार्य झाली, कारण पायात घातलेली प्रत्येक गोष्ट अनेक देशांतील अनेक दुर्बिणींच्या सॉफ्टवेअरला पेलावी लागते.

जीएमआरटीची मापने ‘एलटीए’ या तिच्या स्वतःच्या स्वरूपात साठवली जातात, आणि हे स्वरूप एप्सलाही वाचता येत नाही, कासालाही नाही. म्हणून एनसीआरएने ‘लिस्टस्कॅन’ आणि ‘जीव्हीफिट्स’ ही दोन छोटी साधने तयार केली. लिस्टस्कॅन एलटीए फाइल वाचून त्यातील निरीक्षणखंडांची यादी साध्या मजकुराच्या एका लॉग फाइलमध्ये लिहिते, निरीक्षक त्या यादीत हवे ते फेरफार करून नको असलेले खंड गाळतो, आणि मग जीव्हीफिट्स ती लॉग फाइल वाचून निवडलेल्या मापनांची ‘फिट्स’ स्वरूपातील फाइल तयार करते. निरीक्षकाने दुसरे नाव दिले नसल्यास या फाइलला ‘टेस्ट’ असे नाव मिळते, आणि निरनिराळ्या दिवसांच्या फाइली एकाच नावाने साठू नयेत म्हणून नाव बदलण्याची खबरदारी निरीक्षकालाच घ्यावी लागते. खगोलशास्त्रात फिट्स हे स्वरूप १९८१ पासून प्रसिद्ध असून, एकदा नियमाप्रमाणे लिहिलेली फाइल पुढच्या कोणत्याही आवृत्तीने अवैध ठरवायची नाही, हा त्याचा मूळ दंडक आहे.

ही दोन साधने वर्षानुवर्षे, जवळपास प्रत्येक निरीक्षकाने वापरली, तरीही ती एप्समध्ये किंवा कासामध्ये गेली नाहीत. केवळ वापराची वारंवारता हा निकष असता तर त्यांचा दावा भक्कम ठरला असता. परंतु त्यांत साठवलेले ज्ञान केवळ एका दुर्बिणीच्या नोंदींच्या रचनेचे आहे, ती रचना बदलण्याचा अधिकार पुण्यातील केंद्राकडे आहे, आणि ती बदलेल त्या दिवशी साधनही त्याच घरी बदलले गेले पाहिजे. अमेरिकेतील प्रणालीत ते ठेवले असते तर प्रत्येक फेरफारासाठी तिच्या पुढील आवृत्तीची वाट पाहावी लागली असती, आणि त्या प्रणालीच्या राखणदारांना ज्या फाइली ते स्वतः कधी तयार करत नाहीत त्यांची जबाबदारी विनाकारण वाहावी लागली असती. सीमा मात्र पुरती बंद राहिली नाही. कासामध्ये ‘इम्पोर्टजीएमआरटी’ नावाची टास्क घेतली गेली, पण ती एलटीएला हात लावत नाही, तर फिट्समध्ये रूपांतर झाल्यानंतरची मापने आणि त्यांच्यासोबत आलेल्या सदोष मापनांच्या नोंदी तेवढ्या आत घेते. स्थानिक स्वरूप स्थानिक साधनाने सामाईक स्वरूपात आणावे आणि तेथून पुढे सामाईक संग्रहाने काम हाती घ्यावे, अशी ही वाटणी झाली.

दुसरी वाट व्यत्ययाच्या प्रश्नातून निघाली. दुर्बीण उभी राहिली त्या काळचा शांत परिसर पुढे तसा राहिला नाही. नारायणगाव हे द्राक्षे आणि टोमॅटोच्या व्यापाराचे मोठे केंद्र झाले, मोबाइलचे मनोरे उभे राहिले, वीजवाहिन्यांवर उडणाऱ्या ठिणग्यांचा आणि उपग्रहांचा गोंगाट वाढला, आणि अलीकडे प्रस्तावित पुणे–नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीलाही दुर्बिणीच्या सान्निध्यामुळे हरकत घेतली गेली. दूरच्या आकाशगंगेकडून येणारा संकेत या लहरींच्या तुलनेत अत्यंत क्षीण असल्यामुळे व्यत्ययाने बिघडलेली मापने ओळखून त्यांच्यावर ‘फ्लॅग’, म्हणजे पुढील हिशेबातून वगळण्याची खूण, करावी लागते. सुरुवातीस हे काम निरीक्षक पडद्यावर आलेख पाहत हाताने करत असत. ४३५ जोड्या आणि शेकडो पट्ट्या यांच्यापुढे हाताची ही रीत टिकणे शक्य नव्हते.

ऑक्टोबर २००३ च्या एनसीआरएच्या २०२ क्रमांकाच्या तांत्रिक अहवालात हे काम आपोआप करण्याची एक पद्धत वर्णिलेली आहे, आणि पुढे हीच पद्धत ‘टीएफक्रॉप’ या नावाने कासाच्या ‘फ्लॅगडेटा’ या टास्कमध्ये समाविष्ट झाली. तिची कृती जवळून पाहण्यासारखी आहे. एका जोडीच्या काही काळाच्या मापनांचा तक्ता घेऊन, ज्याच्या एका बाजूने वेळ आणि दुसऱ्या बाजूने कंप्रतेच्या पट्ट्या मांडलेल्या आहेत, प्रथम वेळेच्या दिशेने सरासरी काढली जाते आणि पट्ट्यांवरील संकेताचा सर्वसाधारण आकार मिळवला जातो. या आकाराला आधी एक सरळ रेषा बसवतात, तिच्यापासून फार दूर पडलेले बिंदू बाजूला ठेवतात, मग पुढच्या फेरीत तुकड्यातुकड्यांची वक्ररेषा बसवतात आणि फेरीगणिक तुकड्यांची संख्या वाढवत नेतात. पहिल्याच फेरीत बारकाईने वक्ररेषा बसवली असती तर ती व्यत्ययाच्या उंच टोकांनाच चिकटली असती आणि दोषालाच प्रमाण मानण्याची चूक झाली असती. शेवटी मिळालेल्या स्वच्छ आकाराने मूळ मापनांना भागून एक या मूल्यापासून प्रमाण विचलनाच्या ठराविक पटींपेक्षा अधिक ढळलेल्या मापनांवर फ्लॅग लावतात, आणि मग तीच कृती दुसऱ्या दिशेने करतात.

हे साधन सामाईक संग्रहात जाण्यास योग्य ठरले, त्याची कारणे याच कृतीत आहेत. ते वरकरणी सोपे दिसते, पण घाईने लिहिल्यास नेमके उलट फळ देते, आणि चुकीच्या आवृत्तीचे निष्कर्ष पाहणाऱ्याला चुकीचे वाटतही नाहीत. अँटेनांच्या जोड्या मोजण्याचे सूत्र कोणीही एका ओळीत बिनचूक लिहू शकतो, म्हणून त्यासाठी संग्रहात जागा मागण्याचे कारण नाही. व्यत्ययाला बळी न पडणारी वक्ररेषा बसवणे मात्र प्रत्येकाने आपापले लिहावे असे काम नाही. शिवाय या कृतीत खोडदचे, एलटीएचे किंवा जीएमआरटीच्या अँटेनांचे काहीच उरलेले नाही, कारण वेळ आणि कंप्रता यांचा तक्ता कोणत्याही रेडिओ दुर्बिणीकडे असतोच.

खोडदचा विशेष पूर्णपणे नाहीसा मात्र झाला नाही, तो आकड्यांच्या रूपाने फंक्शनाबाहेर राहिला. किती पट ढळलेले मापन सदोष समजावे, याची मूल्ये कासाने वेळेच्या दिशेसाठी ४ आणि कंप्रतेच्या दिशेसाठी ३ अशी आधीच भरून ठेवली आहेत, पण वापरकर्त्याने ती आपल्या जागेच्या व्यत्ययाप्रमाणे बदलावीत अशी अपेक्षा आहे. एखाद्या पट्टीतील निम्म्याहून अधिक मापने सदोष निघाली तर उरलेलीही वगळावीत काय, हा निर्णय टीएफक्रॉपमध्येच न कोंबता ‘एक्स्टेंड’ या वेगळ्या प्रकाराकडे सोपवला आहे. अमेरिकेत एरिक ग्रायसेन यांनी एप्ससाठी लिहिलेली ‘आरफ्लॅग’ ही वेगळ्या तत्त्वावरची पद्धतही याच टास्कमध्ये शेजारी येऊन बसली. कृती संग्रहात आणि तारतम्य बाहेर, या तत्त्वावर हे साधन उभे आहे. ज्या साधनातून असे तारतम्य वेगळे काढता येत नाही, ते सामाईक संग्रहात फारसे टिकत नाही.

तिसऱ्या वाटेने गेलेली साधने हेच दाखवतात. जयंती प्रसाद आणि जयराम चेंगलूर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘फ्लॅगकॅल’ फ्लॅग लावणे आणि अंशांकन ही दोन्ही कामे एकत्र करते. ह्युइब इंटेमा यांची ‘स्पॅम’ ही पायथॉन भाषेतील प्रणाली एप्सच्या टास्क आतून वापरत आयनांबरामुळे होणाऱ्या विकृतीची दुरुस्ती करते, आणि तिच्याच साहाय्याने जीएमआरटीच्या १५० मेगाहर्ट्झ सर्वेक्षणाची सारी मापने नव्याने हाताळून २०१७ मध्ये आकाशाच्या सुमारे ९० टक्के भागाचे, ३६,९०० चौरस अंशांचे चित्र आणि सुमारे ६ लाख २० हजार स्रोतांची सूची प्रसिद्ध झाली. ऋता काळे आणि ईश्वर चंद्र यांची २०२१ मधील ‘कॅप्चर’ ही प्रणाली हेच काम अद्ययावत जीएमआरटीसाठी कासाच्या टास्क ओळीने जोडून करते. या तिन्हींमध्ये कोणती पायरी कधी घ्यायची, कोठे थांबायचे आणि काय पुन्हा करायचे, याविषयीचे निरीक्षकाचे मत ठायी ठायी भरलेले आहे. असे मत बदलत राहणे हे शास्त्राच्या प्रगतीचे लक्षण असल्याने ही साधने संग्रहाच्या वर, स्वतंत्र नावाने राहिली आणि तेथेच अधिक उपयोगी पडली.

सर्वसाधारण संगणकभाषांचा इतिहासही याला दुजोरा देतो. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणात ‘गेट्स’ हे वाचनाचे फंक्शन घेतले गेले. आलेला मजकूर ठेवण्याच्या जागेपेक्षा मोठा आहे की नाही, हे ते तपासूच शकत नव्हते, आणि तरीही त्याला प्रमाणातून काढून टाकायला २०११ साल उजाडावे लागले. पायथॉनचे राखणदार अनेक वर्षे काही छोटी फंक्शने संग्रहात न घेता दस्तऐवजात केवळ नमुना म्हणून छापत आले, आणि त्यांपैकी लगतच्या घटकांच्या जोड्या देणारे ‘पेअरवाइज’ २०२१ मध्ये, तर ठराविक आकाराचे गट पाडणारे ‘बॅच्ड’ २०२३ मध्ये अधिकृत संग्रहात आले. याच भाषेने २०२४ च्या ३.१३ या आवृत्तीत निकामी झालेले १९ विभाग संग्रहातून काढले. उलट बाजूने, मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्टपॅड’ नावाचे जेमतेम अकरा ओळींचे फंक्शन त्याच्या लेखकाने जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक भांडारातून काढून घेताच असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली, आणि तेच काम करणारे फंक्शन २०१७ च्या प्रमाणात भाषेचेच झाले. संग्रहात घेतलेले फंक्शन काढणे जड जाते आणि बाहेर ठेवलेले फंक्शन परक्याच्या मर्जीवर राहते, असे दोन्ही बाजूंचे धोके या उदाहरणांत दिसतात.

जुन्नर-आंबेगावच्या जुन्या गावगाड्यालाही याच जातीचा प्रश्न सोडवावा लागे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ या १९१५ च्या ग्रंथात वर्णिलेल्या व्यवस्थेत बलुतेदाराला खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा मिळे, तर इतर अनेकांचा मोबदला प्रसंगानुसार ठरे, आणि त्यामुळे कोणाला बलुत्यात धरावे याचा भार साऱ्या गावाच्या पिकावर पडे. एकदा दिलेला हक्क वंशपरंपरेने चालू राही आणि गरज सरली तरी तो काढून घेणे सोपे नसे. सामाईक संग्रहातील प्रत्येक फंक्शनाचा वाटाही असाच सर्वांच्या खळ्यावरून जातो. त्याची चाचणी, त्याचे दस्तऐवज आणि त्याच्या जुन्या वागणुकीची हमी यांचा खर्च ते न वापरणाऱ्यालाही भरावा लागतो.

अद्ययावत जीएमआरटीत या प्रश्नाला आणखी एक पदर आला. मूळची ३२ मेगाहर्ट्झची पट्टी वाढून कमाल ४०० मेगाहर्ट्झ झाली, तेव्हा व्यत्ययासाठी दार अधिक रुंद उघडले, आणि अभियंत्यांनी मापन नोंदले जाण्यापूर्वीच, संकेतावर प्रत्यक्ष प्रक्रिया करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मंडळातच, मध्यकापासूनच्या ढळणीच्या आधारे व्यत्यय ओळखून तो बदलून टाकणारी गाळणी बसवली. सॉफ्टवेअरमध्ये लावलेला फ्लॅग ही केवळ खूण असते, मूळ मापन जागच्या जागी राहते आणि खूण पुसून निर्णय फिरवता येतो. यंत्रात बदललेला संकेत मात्र कायमचा जातो. म्हणून जे काम सर्वांत खालच्या थरात नेले जाते, ते सर्वांत अधिक पारखलेले असले पाहिजे, आणि ते वापरावे की नाही याची निवड निरीक्षकाच्या हाती राहिली पाहिजे.

या चारही वाटांचा एकत्र विचार केल्यास ज्या ज्ञानातून त्याचे मूळ ठिकाण निथळून गेले आहे, जे बिनचूक लिहिणे सामान्य वापरकर्त्याला अवघड आहे आणि ज्यातील तारतम्य बाहेर ठेवता येते, त्याचीच जागा सामाईक संग्रहात आहे, असा निष्कर्ष निघतो. स्थानाला चिकटलेले ज्ञान ज्याने ते निर्माण केले त्याच्यापाशीच राहावे, आणि बदलत्या मतांचा संच संग्रहाच्या वर स्वतंत्रपणे उभा राहावा. २०२४ च्या आरंभी ‘स्क्वेअर किलोमीटर अॅरे’ या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीत भारताच्या सहभागासाठी १,२५० कोटी रुपयांची मंजुरी जाहीर झाली असून, तिच्या नियंत्रण-प्रणालीच्या कामात एनसीआरए अग्रभागी आहे. दोन खंडांवरील अँटेनांसाठी लिहिल्या जाणाऱ्या त्या सॉफ्टवेअरमध्ये ही निवड रोज करावी लागेल, आणि त्या वेळी खोडदला आपले कोणते साधन पुढे द्यायचे याइतकेच कोणते घरी ठेवायचे हे ठरवण्याचा वीस वर्षांचा अनुभव कामी येईल.